सेन्सरी रूमची किल्ली कोणाकडे?

मोठ्या माणसांच्या मनोरुग्ण विभागात सेन्सरी रूम, म्हणजे उजेड, स्पर्श, वास यांनी रुग्णाला शांत करण्यासाठी सजवलेली खोली, हवी की नको, हा प्रश्न निघाला की लगेच दोन तट पडतात. एका तटावर कॅटलॉग घेऊन बसलेली मंडळी: निळसर मंद उजेड, पाण्यात बुडबुडे सोडणारे खांब, लॅव्हेंडरचा दरवळ, परदेशी बनावटीचं जड ब्लँकेट. दुसऱ्या तटावर वॉर्ड चालवून दमलेली मंडळी: इथे रात्रपाळीला माणूस मिळत नाही, पंखा दुरुस्त व्हायला महिना जातो, आणि तुम्हाला रंगीत दिवे सुचतात? दोघांचंही बोलणं खोलीभोवतीच फिरतं, आणि तिथेच हा वाद भरकटतो. माझं म्हणणं असं की संवेदनांवर आधारलेला, आघाताची (ट्रॉमाची) जाण ठेवणारा व्यवसायोपचार, म्हणजे रोजच्या कामांतून आणि हालचालींतून उपचार करणारी ऑक्युपेशनल थेरपी, हा प्रौढांच्या मानसिक उपचारांचा रोजचा भाग असायलाच हवा, आणि आपल्या सरकारी रुग्णालयांत तर सगळ्यात आधी. पण त्याची सुरुवात खोलीपासून करू नये. सुरुवात एका कागदापासून करावी. रुग्णासोबत बसून लिहिलेला कागद, ज्यात त्याच्या शरीराला काय शांत करतं आणि काय चिथावतं हे त्याच्याच शब्दांत असतं.

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. स्टीलच्या ताटांचा खणखणाट, मोठ्या आवाजात चाललेली मालिका, लुकलुकणारी ट्यूबलाइट, फिनाइलचा वास, लोखंडी दाराची कडी, सेवकाच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. जिला वर्षानुवर्षं दाराला कडी घालून मारलं गेलं, तिच्या कानावर ती कडी पडली की छाती धडधडते, मुठी आवळतात, श्वास वरच्या वर अडकतो. यातलं काहीही ती ठरवून करत नाही. अशा वेळी 'शांत हो, आपण बोलू' हे कितीही मनापासून म्हटलं तरी तिच्यापर्यंत पोचत नाही. शरीरापर्यंत पोचायच्या वाटा मात्र तेव्हाही उघड्या असतात. स्नायूंवर आणि सांध्यांवर पडणारा खोल, एकसारखा दाब, एका लयीत सावकाश झुलणं, काहीतरी जड उचलणं, ढकलणं, मळणं, लांब उच्छ्वास. याने बहुतेकांचं शरीर निवतं. गरगर फिरणं, अचानक झालेला हलका स्पर्श, तुटक आवाज याने ते जागं होतं किंवा बिथरतं. यात 'बहुतेकांचं' हा शब्द महत्त्वाचा आहे. अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ विनी डन यांच्या मांडणीत माणसांच्या संवेदना हाताळण्याच्या चार तऱ्हा आहेत: काहींना संवेदना उशिरा जाणवतात, काही त्या शोधत फिरतात, काहींना त्या बोचतात, आणि काही त्यांच्यापासून पळतात. प्रौढांसाठी याची ६० प्रश्नांची प्रश्नावली २००२ पासून वापरात आहे. म्हणजे त्याच टीव्हीच्या आवाजाने एका खाटेवरची व्यक्ती पेटून उठेल आणि शेजारच्या खाटेवरचीला तेवढाच काय तो आधार वाटेल. मग सगळ्यांना एकाच निळ्या खोलीत नेण्यात कोणता उपचार आहे?

ही दिशा आपल्याकडे मुलांपुरतीच माहीत आहे. स्वमग्न मुलांच्या पालकांना झोके, मोठे चेंडू, ब्रश सगळं ठाऊक असतं, कारण अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांनी ही विचारसरणी मुलांच्या शिकण्याच्या अडचणींतून उभी केली. पण त्याच व्यवसायातल्या लोर्ना जीन किंग यांनी १९७४ मध्येच, दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या प्रौढांबाबत हाच विचार मांडला होता. तो मुख्य प्रवाहात यायला मात्र मृत्यूंची गणती व्हावी लागली. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या हार्टफर्ड कूरंट या दैनिकाने दशकभरात बांधून ठेवताना किंवा कोंडताना झालेले १४२ मृत्यू शोधून छापले. त्यानंतर बांधणं कमी करण्याचे जे कार्यक्रम उभे राहिले, त्यांत संवेदना-उपचारांना जागा मिळाली. अमेरिकेतल्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात टीना शॅम्पेन या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंनी ते तीव्र आजाराच्या वॉर्डात नेले. त्या राज्याने नियम कशाचा केला, हे इथे नीट पाहावं: दाखल होणाऱ्या प्रत्येकासाठी संकट टाळण्याचा वैयक्तिक आराखडा, शक्य तितक्या लवकर, रुग्णाला सोबत घेऊन तयार करणं. बंधनकारक झाला तो कागद.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा. पुरावा कच्चा आहे, असं ते म्हणतात, आणि खरंच आहे. बहुतेक अभ्यास छोटे आहेत, आधी-नंतरची तुलना करणारे आहेत, आणि ज्या वॉर्डात खोली उघडली त्याच वॉर्डात त्याच वेळी कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही झालेलं असतं; मग श्रेय कोणाला द्यायचं? अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या सरकारी मनोरुग्णालयांचं उदाहरण उत्साहाने दिलं जातं: १९९० ते २००० या काळात एकांतात कोंडण्याचं प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे ४.२ वरून ०.३ वर आलं, बांधण्याचं ३.५ वरून १.२ वर. पण तिथे नवी औषधं आली होती, माणसं वाढली होती, नेतृत्वाने प्रत्येक घटनेचा जाब विचारायला सुरुवात केली होती. ते यश संवेदना-उपचारांच्या खात्यावर मांडणं अप्रामाणिक ठरेल. जड ब्लँकेटची एक बरी चाचणी स्वीडनमध्ये झाली, २०२० मध्ये प्रसिद्ध झाली: नैराश्य, बायपोलर, चिंता अशा आजारांसोबत निद्रानाश असलेले १२० जण, काहींना ६ ते ८ किलोचं ब्लँकेट, काहींना दीड किलोचं, चार आठवडे. जड ब्लँकेटवाल्यांची झोप ठळकपणे सुधारली. पण अंगावर किती वजन आहे हे माणसाला कळतंच, त्यामुळे अपेक्षेचा परिणाम पूर्ण वेगळा काढता येत नाही. हे सगळं मान्य.

मान्य करूनही एक प्रश्न विचारावा लागतो: पुराव्याची ही काटेकोर मागणी बांधून ठेवण्याकडे कधी केली गेली? २००० साली कॉक्रेन या, उपचारांचे पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षकांनी कोंडण्या-बांधण्याच्या परिणामकारकतेबद्दलच्या नियंत्रित चाचण्या शोधल्या. निकषांत बसणारी एकही सापडली नाही. शतकानुशतकं चालत आलेली गोष्ट पुराव्याशिवाय चालू शकते, आणि मांडीवर दोन किलोची उशी ठेवायची तर आधी पन्नास शोधनिबंध आणा, असं का? धोक्याची तुलना केली तरी उत्तर बदलत नाही. पट्टे बांधलेल्या माणसाच्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते, पालथं दाबलेला माणूस गुदमरू शकतो, आणि बलात्कार सोसलेल्या बाईला चार जणांनी धरून खाटेला बांधणं म्हणजे तिच्यासाठी तीच रात्र परत येणं.

दुसरा आक्षेप वॉर्डातल्या माणसांचा आहे आणि तो कधीही हलक्यात घेऊ नये. परिचारिकांना मार बसतो. कक्षसेवकांचे हात मोडतात. समोरचा खुर्ची उचलून धावून येतो तेव्हा त्याला उशी देता का, असं ते विचारतात. नाही, तेव्हा उशी द्यायची नसते. बेचैनीच्या मापात दहापैकी नऊवर पोचलेल्या माणसाला संवेदना-उपचार थांबवू शकत नाहीत. ते दोन-तीनवर असताना करायचे असतात. अशा टोकाच्या क्षणी धरावं लागेल, इंजेक्शनही लागेल, आणि कायदा त्याला अगदी मर्यादित परवानगी देतो. पण 'बांधणं सोडलं तर आम्ही मरू' हा युक्तिवाद फार जुना आहे. १८३८ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकन इथे रॉबर्ट गार्डिनर हिल आणि १८३९ मध्ये लंडनजवळच्या हॅनवेलमध्ये जॉन कॉनोली यांनी पट्टे, बेड्या, बांधायच्या खुर्च्या बाद केल्या, तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी त्यांना स्वप्नाळू आणि धोकादायक ठरवलं होतं. हॅनवेल काही छोटं घर नव्हतं, शेकडो रुग्णांची संस्था होती. ती चालली.

कॉनोलींच्या गोष्टीचा उरलेला भाग मात्र सेन्सरी रूमच्या समर्थकांनी वाचायला हवा. पट्टे गेले, आणि त्यांच्या जागी भिंतींना गाद्या लावलेल्या खोल्या आल्या. हेतू दयेचा होता: माणसाला इजा होऊ नये, उत्तेजना कमी व्हावी, तो निवावा. पुढे त्याच खोल्या कोंडून ठेवण्याच्या खोल्या झाल्या आणि शंभर वर्षांहून अधिक काळ तशाच वापरल्या गेल्या. आजची मऊ, मंद उजेडाची खोली त्याच वाटेने जाणार नाही याची खात्री कशावरून? दाराला बाहेरून कडी असेल, आणि 'जा, शांत झालास की ये' असं म्हणून माणसाला आत सोडलं जात असेल, तर भिंतीला कोणताही रंग द्या, तो एकांतवासच आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ९७ ने एकांतात कोंडण्यावर सरळ बंदी घातली आहे. तिथे अपवाद ठेवलेला नाही.

ब्लँकेटचंही तसंच. २००८ मध्ये कॅनडातल्या क्विबेकमध्ये, शाळेत जड ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला नऊ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा गुदमरून गेला. मूल होतं, शाळा होती, पण त्यातून निघणारा नियम प्रत्येक वॉर्डाला लागू आहे: जे पांघरूण माणूस स्वतःच्या हाताने, कुणाला न विचारता दूर सारू शकत नाही, ते बंधन आहे. डोकं आणि चेहरा कायम उघडा. दमा, झोपेत श्वास अडकणं, हृदयविकार, अपस्मार, उघडी जखम, हाडांचा ठिसूळपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजन नको. शरीराच्या वजनाच्या दहा टक्के हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब फार तर सुरुवातीचा अंदाज आहे. आणि आपल्या हवेची एक गोष्ट परदेशी कॅटलॉगात सापडत नाही. मनोविकारावरच्या अनेक औषधांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी होते, हातपाय ताठू नयेत म्हणून सोबत दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सिफेनिडिलने तर घामच कमी येतो. नागपूरच्या मे महिन्यात अशा माणसावर सहा किलोचं ब्लँकेट टाकणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं आहे. तिथे मांडीवरची छोटी उशी किंवा भिंतीला रेटा देणं बरं. चेहऱ्यावर गार पाण्याचा पिळलेला रुमाल धरला की नाडी मंदावते, पण प्रोप्रॅनोलॉल चालू असलेल्या माणसाची नाडी आधीच मंद असते, आणि कापऱ्या हातांसाठी ते औषध या वॉर्डांत बरंच दिलं जातं; तिथे हा उपाय जपून. याहून मोठी चूक अशी: कुणी सारखा येरझाऱ्या घालतोय, बसवत नाही, उभं राहवत नाही, म्हणून त्याला 'शांत करायला' घेतात. ती अस्वस्थता हॅलोपेरिडॉलसारख्या मनोविकारावरच्या औषधाचा दुष्परिणाम, अकॅथिसिया, असू शकते. तिथे कोणतीही उशी चालत नाही, डॉक्टरांना बोलवावं लागतं. आणि लॅव्हेंडर? वासाची आठवण फार खोलवर रुतलेली असते. ज्याने त्रास दिला त्याच्या केसांच्या तेलाचा, अत्तराचा, दारूचा वास कोणता होता हे माहीत नसताना संपूर्ण खोलीत एक वास सोडणं हा निष्काळजीपणा आहे. वास हवाच असेल तर तो रुग्णाने निवडावा, बंद डबीत ठेवावा, हवा तेव्हा उघडावा.

हे सगळं जिथे एकत्र येतं तो म्हणजे तो कागद. तो कसा करायचा? दाखल झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत, माणूस जरा स्थिर असताना, उघड्या दाराच्या जागी, दार त्याच्या नजरेच्या टप्प्यात राहील असं बसून. काय घडलं होतं ते खोदून विचारायचं नाही. आघाताची जाण ठेवणं म्हणजे आघाताची कहाणी वदवून घेणं नव्हे. प्रश्न साधे: तुमचं बिनसायला लागलं की सगळ्यात आधी अंगात काय होतं? कुठे, कसा स्पर्श नको? कोणता आवाज, कोणता वास नको? घरी असताना काय करता? मग शांत असतानाच एकेक गोष्ट करून पाहायची, दहा-पंधरा मिनिटं, एका वेळी एकच. आधी आणि नंतर नाडी मोजायची, आणि त्याने स्वतः शून्य ते दहात बेचैनी सांगायची. दोन गोष्टी एकदम दिल्या तर गुण कशाचा ते कळत नाही. पहिल्याच दिवशी पाच वस्तू मांडल्या तर माणूस गांगरतो. तीन-चार बैठकांनंतर एका पानावर लिहायचं, जे नव्याने आलेल्या शिकाऊ परिचारिकेलाही वाचता येईल: 'माझा आवाज चढायच्या आधी मी पदर पिळते. मागून हात लावू नका, समोर येऊन नाव घ्या. खिडकीजवळ भिंतीला पाठ टेकून बसू द्या. उशी मांडीवर द्या. दार लावू नका. वीस मिनिटांनी विचारा.' एक प्रत केस पेपरात, एक परिचारिकांच्या टेबलाजवळ, एक रुग्णाकडे. आणि जेव्हा एवढं करूनही प्रसंग हाताबाहेर जातो, तेव्हा दुसऱ्या दिवशी तोच कागद घेऊन पुन्हा बसायचं, कुठली ओळ चुकली ते पाहायला. आगाऊ सूचना, म्हणजे पुढे आजारात आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे नकोत हे, लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्याच कायद्याच्या कलम ५ ने रुग्णाला दिलेलाच आहे. वॉर्डातल्या या पानावरून घरी गेल्यावर ती लिहिणं त्याला सोपं जाईल.

'आमच्याकडे पैसे नाहीत' या आक्षेपाचं उत्तर इथेच मिळतं. चाळीस बाय साठ सेंटीमीटरची मांडीवरची उशी घ्या. घट्ट विणीच्या कापडाचे दोन थर, दहा-दहा सेंटीमीटरचे २४ चौकोन, प्रत्येकात ८० ग्रॅम धुऊन वाळवलेली बारीक खडी किंवा काचेचे मणी; सगळं मिळून साधारण दोन किलो. चौकोन शिवले नाहीत तर भरण एका कोपऱ्यात सरकतं आणि दाब एकसारखा पडत नाही. तांदूळ, राजमा भरू नयेत, किडे होतात आणि धुता येत नाही. वर धुण्याजोगी खोळ, तिला नाडी किंवा दोरी अजिबात नको, कारण दोरीने माणूस गळा आवळू शकतो. त्याच कारणाने वॉर्डात झोपाळा टांगता येत नाही, झुलती खुर्ची चालते. व्यवसायोपचार विभागातल्या शिलाई यंत्रावर ही उशी एका सकाळी होते. बाकीचं आपल्याकडे आहेच. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेल्या गोधडीचं वजन अंगावर घेऊन आपण पिढ्यान्पिढ्या झोपत आलो. कणीक मळणं, ओल्या चादरी पिळणं, पाण्याची बादली उचलून झाडांना घालणं, हातमागाची फणी ठोकणं, हे सगळं सांध्यांना आणि स्नायूंना तेच काम देतं ज्यासाठी बाहेर महागडी उपकरणं विकली जातात.

इथे एक सावधगिरी फार गरजेची आहे. कामाला उपचार म्हणण्याचा इतिहास स्वच्छ नाही. 'कामाने बरं वाटतं' म्हणत जगभर मनोरुग्णांकडून झाडलोट, धुणी, शेती फुकट करून घेतली गेली. म्हणून २०१७ च्या कायद्यात स्पष्ट आहे की रुग्णावर कामाची सक्ती करता येत नाही, आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. बाईने स्वतःला सावरण्यासाठी दहा मिनिटं चादर पिळली आणि थांबली, तर तो उपचार. वॉर्डाच्या चाळीस चादरी रोज तिच्याकडून पिळून घेतल्या, तर ती वेठबिगारी.

मग अडतं कुठे? बहुतेकदा दोन अगदी साध्या जागी. वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सरकारी मालाच्या नोंदवहीत, चढते आणि हरवली तर भरपाई आपल्याला लागेल या भीतीने कपाटात जाते. आणि कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असते, तो संध्याकाळी पाचला घरी जातो. वॉर्ड पेटतो तो बहुतेकदा त्यानंतर: जेवणाच्या रांगेत, भेटीची वेळ संपल्यावर, रात्री झोप न लागता. तेव्हा हाताशी राहतात दोन सेवक, एक परिचारिका आणि पट्टे. कलम ९७ म्हणतं, मनुष्यबळ कमी आहे या कारणासाठी बांधता येणार नाही. पण मनुष्यबळ कमी असताना काय करावं हे सांगायला तिथे कुणी ठेवलेलंच नसतं.

व्यवसायोपचार महाराष्ट्राला परका नाही. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईत, केईएम रुग्णालयात त्याचं शिक्षण सुरू केलं. १९५२ मध्ये या व्यवसायाचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा भारत संस्थापक सदस्यांत होता. आज त्या शाळेच्या आणि तिच्यानंतरच्या महाविद्यालयांच्या पदवीधरांना मुलांच्या खाजगी केंद्रांत काम मिळतं, परदेशात मिळतं. आणि २०१७ चा कायदा मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदणीसाठी नावं घेतो ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, मानसिक आरोग्य परिचारिका आणि मनोविकार समाजकार्यकर्ते यांची. व्यवसायोपचारतज्ज्ञाचं नाव त्या यादीत नाही. ज्याचं नाव कायद्यात नाही, त्याच्यासाठी संध्याकाळच्या पाळीचं पद कोण मंजूर करून घेणार?

म्हणून येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांसाठी मागणी करायचीच असेल तर ती खोलीच्या कोटेशनची नको. प्रत्येक दाखल रुग्णाचं एक पान, पहिल्या तीन दिवसांत. दुपारी दोन ते रात्री नऊ या वेळेत वॉर्डात हजर असलेला एक व्यवसायोपचारतज्ज्ञ. उशा, गोधड्या यांची नोंद डेड स्टॉकऐवजी सुया-कापसासारखी वापरून संपणाऱ्या मालात, म्हणजे त्या फाटल्या, हरवल्या तर कुणाच्या पगारातून कापलं जाणार नाही. कलम ९७ नुसार बांधण्याच्या घटनांचा जो अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचा असतो, त्यात आणखी एक रकाना: या रुग्णाचं पान होतं का, आणि बांधण्याआधी त्यातलं काय करून पाहिलं? आणि किल्ली रात्रपाळीच्या परिचारिकेकडे, टेबलाच्या वरच्या खणात, जिथून ती अर्ध्या मिनिटात काढता येईल.